पायाच्या लांबीवरून माणूस सापडतो का? एका लाडक्या विषयाची झाडाझडती

‘शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आदिवासींमध्ये पायाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज.’

या धर्तीचं शीर्षक असलेला सिनॉप्सिस वाचायला आला की आत काय असेल ते आता मला पान न उलटताही सांगता येतं. शंभर किंवा दोनशे माणसं, वय १८ ते २५. स्टेडिओमीटरने उंची, स्लायडिंग कॅलिपरने डाव्या-उजव्या पायाची लांबी. मग सहसंबंध, टी-टेस्ट, रिग्रेशनचं समीकरण. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘हे सूत्र अनोळखी मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी पोलिसांना उपयुक्त ठरेल.’

गेल्या महिन्यात असाच एक सिनॉप्सिस मुरबाडकडच्या एका मुलीने पाठवला. एमएस्सी करतेय, फॉरेन्सिक मानवशास्त्रातच पुढे जायचं म्हणते, तयारीही मनापासून चाललीय. मी चार-पाच शंका काढल्यावर तिने सरळच विचारलं, “ताई, यात चुकीचं काय आहे? सगळे हेच तर करतात.” प्रश्न योग्य होता आणि फोनवर मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितेय. कुठल्या एका पेपरवर ही टीका नाही, या सगळ्या प्रकारावर आहे. ही घाऊक पद्धत मीही एकेकाळी आदर्श मानून पाठ केलेली आहे, हेही आधीच सांगून टाकते.

आधी या प्रकाराच्या बाजूने बोलते, कारण त्याचं मूळ भक्कम आहे. हाडांवरून उंची काढण्याची सूत्रं एका लोकसमूहावर बनवून दुसऱ्यावर लावली की चुकतात, हे जुनं ज्ञान आहे. कार्ल पिअर्सनने १८९९ मध्ये समीकरणं दिली ती फ्रेंच मृतदेहांच्या मापांवरून. आपल्याकडे एन. पॅन यांनी १९२४ मध्ये बंगाल-बिहार-ओरिसाकडच्या लोकांसाठी स्वतंत्र गुणक काढले. १९३१ मध्ये नॅट यांनी संयुक्त प्रांतासाठी, १९४४ मध्ये सिद्दिकी आणि शाह यांनी पंजाबसाठी तेच काम केलं. वैद्यकीय न्यायशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही नावं तुम्हाला भेटतातच. त्यामागे विचार असा होता की परक्या सूत्रावर विसंबू नये, आपली माणसं मोजावीत. तो आजही खरा आहे. अडचण पुढे सुरू झाली. प्रांतांवरून जिल्हे, जिल्ह्यांवरून तालुके, तालुक्यांवरून जाती-जमाती असं करत आपण इतके खाली उतरलो, की सूत्र वापरणार कोण आणि कधी, हे विचारायचंच राहून गेलं.

तर विचारूया. मुरबाडच्या रानात, समजा माळशेजच्या पायथ्याला, पावसाळ्यानंतर हाडं सापडली. टोकावड्याच्या बाजूचा एखादा गुराखी खबर देतो. पोलीस येतात, पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, आधी फौजदारी संहितेचं १७४ होतं). हाडं सरकारी रुग्णालयात आणि तिथून मेडिकल कॉलेजच्या न्यायवैद्यक विभागात जातात. तिथे प्रश्न क्रमाने येतात: माणसाचीच आहेत का? एकाच माणसाची आहेत का? स्त्री की पुरुष? वय काय? उंची किती? मरून किती काळ झाला? इजेच्या खुणा आहेत का, आणि त्या मरतानाच्या की नंतरच्या?

आता उंचीच्या प्रश्नावर आपलं सूत्र काढा. ‘ठाकूर पुरुषांसाठी’ एक, ‘कातकरी पुरुषांसाठी’ दुसरं, ‘महादेव कोळी पुरुषांसाठी’ तिसरं. यातलं कुठलं लावायचं? ते ठरवायला हा माणूस कोण होता हे माहीत पाहिजे, आणि हाडं पाहून ते सांगता येत नाही. ठाकराची मांडी आणि कुणब्याची मांडी यांत ओळखू येण्यासारखा फरक नसतो. म्हणजे सूत्र वापरण्यासाठी जी माहिती आधीच हवी, तीच शोधायला आपण निघालोय. ती माहिती असती तर उंचीचं सूत्र लागलंच नसतं, वाडीवर जाऊन विचारता आलं असतं. जमातनिहाय सूत्रांच्या डझनावारी प्रबंधांत मी हा पेच शोधते आणि तो मला जवळजवळ कधीच सापडत नाही.

कोणी म्हणेल, जमात नको, तालुक्यापुरतं तरी सूत्र चालेल. पण शहापूर तालुक्यात मरणारा माणूस शहापूरचाच असतो हे कोणी सांगितलं? तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, मध्य रेल्वे जाते, वर कसारा घाट आहे. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लॉंचर कोसळला आणि २० जण गेले. त्यांतले बहुतेक तमिळनाडू, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या राज्यांतून कामाला आलेले होते. या तालुक्यातल्या त्या एका रात्रीच्या मृतांवर ‘शहापूर सूत्र’ लावलं असतं तर ते कोणाचं सूत्र ठरलं असतं? घाटाखाली, रुळालगत, धरणाच्या पाण्यात सापडणारे बेवारस मृतदेह कुठूनही आलेले असू शकतात. बेवारस या शब्दातच ते आहे.

आता आकडेमोड. ही तेवढी नीट वाचा, कारण परीक्षेतही विचारतात आणि कामातही अडते.

हिशेबासाठी आकडे मी बनवून घेते. एका गटातल्या पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर, स्टँडर्ड डेव्हिएशन ६. पायाची सरासरी लांबी २४.५, स्टँडर्ड डेव्हिएशन १.२. दोन्हींतला सहसंबंध ०.७, म्हणजे पेपरात ‘अतिशय लक्षणीय’ म्हणून ठळक छापतात तसला. यातून सूत्र येतं: उंची = ७९.२५ + ३.५ × पायाची लांबी. पाय २४ सेंटिमीटरचा सापडला तर उंची १६३.२५. दशांशाच्या दोन घरांपर्यंत. काय छान वाटतं!

पण सूत्राची स्टँडर्ड एरर निघते जवळपास ४.३. म्हणजे ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर ८.४ कमी ते ८.४ जास्त. १५४.८ ते १७१.७. पोलिसांच्या भाषेत साधारण ५ फूट १ इंच ते ५ फूट साडेसात इंच. आता स्वतःला विचारा, पाय सापडलाच नसता तर? काहीच न मोजता ‘या गटातला पुरुष आहे’ एवढ्यावर मी ९५ टक्के खात्रीने म्हणू शकले असते की उंची १६५ च्या आसपास, ११.८ कमी किंवा जास्त. म्हणजे शंभर माणसं मोजून, दोन वर्षं घालवून, आपण पल्ला ११.८ वरून ८.४ वर आणला. काहीच मिळालं नाही असं नाही, पण ‘ओळख पटवण्यासाठी उपयुक्त’ म्हणण्याइतकंही नाही. आणि बऱ्याच पेपरांत सारांशात सहसंबंध असतो, ही पट्टी नसते. स्टँडर्ड एरर तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मुकाट बसलेली असते.

यापेक्षा मोठी गोची पुढे आहे. रिग्रेशनचं सूत्र माणसाला सरासरीकडे ओढतं. वरच्याच गटात एक माणूस खरोखर १५३ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे सरासरीपेक्षा १२ ने कमी. अशा माणसांची उंची हे सूत्र सरासरीने किती सांगेल? १२ गुणिले सहसंबंधाचा वर्ग ०.४९, म्हणजे ५.९. तेव्हा १६५ वजा ५.९, साधारण १५९. पाच फुटी माणसाला आपण जवळपास सव्वापाच फुटी करून टाकलं. उंच माणसांच्या बाबतीत उलटं, त्यांना खाली ओढतो. मधल्या उंचीच्या माणसांना काही होत नाही. कडेच्यांना होतं.

आणि कडेला कोण असतं? कॉलेजात जाणाऱ्या, पोटभर खाऊन वाढलेल्या मुलांवर सूत्र बनवा आणि ते कुपोषणात वाढलेल्या माणसावर लावा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. त्यांतली एखादी ठेंगणी बाई बेपत्ता झाली असेल, तर तिच्या हाडांवरून काढलेली उंची वर सरकणार, आणि बेपत्तांच्या यादीत तिची नोंद समोर असूनही ‘उंची जुळत नाही’ म्हणून बाजूला पडणार. सूत्राचा खरा धोका हा आहे. चुकीचा माणूस सापडेल याची भीती त्या मानाने कमी, कारण पुढे डीएनए आहे. पण यादीतून वगळलेल्या माणसाचा डीएनए कोणी तपासत नाही.

मी त्या मुलीला म्हटलं, जमातनिहाय सूत्राचं समर्थन करायचंच असेल तर इथून कर. तिचं म्हणणं होतं की म्हणून तर कातकऱ्यांचं वेगळं सूत्र हवं. अर्धं बरोबर आहे. पण वर म्हटलेला पेच सुटत नाही, हाडं कातकऱ्याची आहेत हे कोण सांगणार? त्यापेक्षा वेगवेगळ्या गटांची माणसं एकत्र घेऊन, कडेचीही पुरेशी घेऊन, सूत्र बनवावं आणि पट्टी रुंद पडली तरी ती प्रामाणिकपणे लिहावी. अशा ओढीवर उपाय म्हणून उलटं रिग्रेशन, कॅलिब्रेशन या पद्धती गेल्या शतकाच्या शेवटापासून चर्चेत आहेत. एमएस्सीच्या विद्यार्थ्याला त्या झेपतात, अवघड असं काही नाही.

बरं, पायच का? कारण जिवंत माणसाचा पाय मोजणं सोपं. मांडीचं हाड मोजायला एक्स-रे लागतो, नाहीतर सांगाडे लागतात. पण रानात मिळतात ती हाडं. जिवंत पायाची लांबी टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत पुढच्या बोटाच्या टोकापर्यंत, त्यात कातडी आली, मांस आलं, अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेची जाड साल आली, पसरलेली बोटं आली. त्यातलं काहीच दोन पावसाळ्यांनंतर उरत नाही. कोल्हे, तरस, रानडुक्कर आणि गावची कुत्री पायांची छोटी हाडं आधी पसरवतात. मांसासकट तुटलेला पाय सापडण्याचा प्रसंग मुख्यतः रेल्वेरुळांवरचा, आणि तिथे उरलेलं शरीरही बहुधा जवळच असतं. सूत्र चुकीचं नाही, पण त्याला काम मिळण्याचे प्रसंग मोजके.

मोजण्यावरून एक गोष्ट सांगते, ही प्रत्येकाला माहीत हवी. उंचीच्या सूत्रांत जगभर सर्वांत जास्त वापरलेली सूत्रं मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेसर यांची, १९५२ ची. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हाडांवर आणि टेरी संग्रहातल्या सांगाड्यांवर ती बेतलेली. चाळीसेक वर्षं सगळे ती वापरत राहिले. १९९० च्या दशकात रिचर्ड जँट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रॉटरबाईंनी नडगीचं हाड मोजताना खालचं घोट्याकडचं टोक धरलंच नव्हतं, व्याख्येत मात्र ते धरल्याचं लिहिलं होतं. म्हणजे पुस्तकाबरहुकूम नीट मोजणाऱ्याला उंची अडीच-तीन सेंटिमीटर जास्त मिळत होती! जो काळजीपूर्वक मोजेल तोच चुकेल, अशी गंमत. एवढ्या मोठ्या संशोधिकेकडून हे झालं, तर दुपारच्या उन्हात घाईघाईने शंभर पाय मोजणाऱ्या आपल्याकडून काय होईल? तरी एकच माप दोनदा घेऊन त्यातली चूक किती हे लिहिणारे प्रबंध फार थोडे. उंची सकाळी घेतली की संध्याकाळी हेही लिहीत नाहीत. दिवसभरात माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खचतो.

नमुन्याबद्दल थोडं. ‘ठाणे जिल्ह्यातील आदिवासी’ असं लिहिलेला जुना पेपर उद्धृत करताना तारीख बघा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी सगळं येत होतं. दोन्ही ‘ठाणे’ एक नव्हेत. दुसरं, वाडीवर शंभर माणसं मोजली म्हणजे शंभर स्वतंत्र माणसं मिळाली असं होत नाही. चुलते, मामा, भाचे, सगळे एकमेकांच्या नात्यातले. तिसरं, आपण जातो कधी? परीक्षा संपल्यावर, जानेवारी ते मे. तेव्हा कातकरी वाडीतले कर्ते लोक उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. वाडीत म्हातारी माणसं आणि पोरं. आपण मोजतो ते मागे राहिलेल्यांना.

आता तुलनेची दुसरी बाजू. हाडांवरून उंची निघाली, ती जुळवायची कशाशी? बेपत्ताच्या तक्रारीतल्या उंचीशी. ती उंची कोण सांगतं? बायको, भाऊ, अंदाजाने, हात वर करून, ‘माझ्या एवढा’. आधार कार्डावर उंची नसते. भरतीच्या कागदपत्रांचा वाडीवर बहुधा प्रश्नच येत नाही. स्टीफन आउस्लीने १९९५ मध्येच विचारलं होतं की आपण कोणती उंची काढायची, मोजलेली की कागदावर लिहिलेली, कारण दोन्ही सारख्या नसतात. आपल्याकडे त्याच्याही आधीची पायरी आहे, कागदच नसणं. आणि कित्येकदा तक्रारही नसते. शीना बोरा प्रकरण आठवा. २०१२ च्या मे महिन्यात पेण तालुक्यात गागोद्याजवळ (विनोबांचं गाव) अवशेष सापडले होते, आणि कोणाचे हे २०१५ पर्यंत कोणाला कळलं नाही. कारण उंचीचं सूत्र नव्हतं म्हणून नव्हे, त्या वर्णनाचं कोणी शोधतच नव्हतं म्हणून. पुढे २०२४ मध्ये त्याच खटल्यात आधी हाडं सापडत नाहीत असं न्यायालयात सांगितलं गेलं, मग ती तपास यंत्रणेच्या दिल्लीतल्या कार्यालयात मिळाल्याचं सांगितलं गेलं. हाडं कोणत्या पेटीत, कोणाच्या ताब्यात, कोणत्या सहीने, हा आपल्या अभ्यासक्रमातला सर्वांत कंटाळवाणा धडा समजला जातो.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत टोचतो. माणसं मोजण्याला आपल्याकडे एक इतिहास आहे, आणि त्यात मराठी वाचकाला अभिमान वाटावा असं एक नावही आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीवर प्रबंध केला, आणि गुरूला हवा होता तो वंशाशी जोडलेला निष्कर्ष मापांतून निघत नाही असं लिहिलं. परक्या देशात, गाइडच्या तोंडावर. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या मापांचा ग्रंथ १९५१ मध्ये काढला. आपण कॅलिपर तोच घेतो. पण मोजल्या जाणाऱ्याला काय सांगतो? ‘संशोधनासाठी’ म्हणतो. ‘तुमच्यापैकी कोणी मेलेला सापडला तर ओळखायला’ असं म्हणत नाही, कारण म्हणवत नाही. आणि ही मापं शेवटी पोलिसांच्या उपयोगाची म्हणून आपणच निष्कर्षात लिहितो. ज्या समाजांकडे पोलीस पिढ्यान्‌पिढ्या संशयाने बघत आले, त्यांच्यासमोर संमतिपत्रावर अंगठा घेताना हे वाक्य वाचून दाखवायची आपली तयारी आहे का? नसेल तर ते निष्कर्षातही लिहू नये.

“मग करू काय?” हा तिचा पुढचा प्रश्न. मला वाटतं शहापूर-मुरबाडमध्ये करण्यासारखं खूप आहे, फक्त ते सूत्रात बसत नाही. इथल्या पावसात शरीर किती दिवसांत हाडांवर येतं? कोकणातला चार महिन्यांचा धो-धो पाऊस, मग ऑक्टोबरचं ऊन. टेनेसीत विल्यम बास यांनी १९८१ पासून दान केलेल्या देहांवर जे अभ्यास केले त्यांतले कालावधी इथे जसेच्या तसे लागणार नाहीत. माणसाचा देह आपल्याला मिळणार नाही, पण मेलेलं जनावर रानात कुठे, किती दिवसांत, कोणत्या प्राण्याने किती लांब पसरवलं, याची आठवड्याला एक नोंद एका पावसाळ्यात एक विद्यार्थी करू शकतो. वनखात्याची परवानगी तेवढी आधी घ्या. दुसरं, काही समाजांत दफनाची पद्धत आहे आणि ओढ्याकाठची जुनी दफनं पुरात उघडी पडू शकतात. ती गुन्ह्याची हाडं नाहीत हे पहिल्या दिवशी कशावरून सांगायचं? मुळांच्या खुणा, हाडाचा रंग, मातीचे डाग, मांडणी. अशा जागांची, गावकऱ्यांच्या संमतीने, नुसती यादी झाली तरी पोलीस पाटलाचा एक दिवस वाचेल. तिसरं, पायाची लांबीच मोजायची असेल तर सूत्र बनवू नका, आधीची पाच सूत्रं घ्या आणि ती तुमच्या माणसांवर किती चुकतात ते दाखवा. ठेंगण्यांवर किती, उंचांवर किती, वेगवेगळं. तो पेपर मी आनंदाने वाचेन.

या कामांवर नोकरी मिळते का, हा रास्त प्रश्न आहे. जाहिरातींत ‘फॉरेन्सिक मानवशास्त्रज्ञ’ हे पद फार क्वचित दिसतं. हाडांचं काम बहुतेक ठिकाणी न्यायवैद्यक आणि शरीररचनाशास्त्राचे डॉक्टर करतात. नेट अँथ्रोपॉलॉजीतून देता येते, फॉरेन्सिक सायन्समधूनही. दोन्हींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा. पण मुलाखतीत कोणी ‘तुमच्या सूत्राची चूक किती?’ असं विचारलं, तर आकडा तोंडावर असलेला बरा.

परवा तिचा मेसेज आला. सिनॉप्सिस बदलतेय, तिसरा पर्याय घेतलाय, पहिल्या वीस जणांना दोनदा मोजणार आहे. खाली एक ओळ: “ताई, जानेवारीत गेले तर वाडीवर दारं बंदच असतील ना?”

हो. गौरी-गणपतीच्या सुमारास जा. लावणी उरकलेली असते, भट्ट्या सुरू झालेल्या नसतात. छत्री आणि स्टेडिओमीटरला प्लास्टिक घे.